आडव्या बाटल्या

टाकीचं तोंड दोन फूट बाय दोन फूट आहे. आत नऊ पायऱ्यांची लोखंडी शिडी. टाकी आठ फूट खोल, नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. हे आकडे मला पाठ आहेत, कारण शुभम खाली उतरला की मी तोंडाशी बसून मनातल्या मनात तेच घोकायचे. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर एखादं स्तोत्र म्हटलं असतं.

टाकी माझ्या सासऱ्यांनी बांधली. तेजराम त्यांचं नाव, मी त्यांना मामाजी म्हणते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडचे. तरुणपणी गावोगाव विहिरी खोदायचे, मग भिलाईला आले आणि पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीच्या आतून विटा लावायच्या कामाला लागले. वैशाली नगरात घर बांधलं तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, म्हणून मागच्या खोलीच्या फरशीखाली त्यांनी स्वतःच्या हातानं ही टाकी केली. पुढे बोअर झाली, गच्चीवर प्लास्टिकची टाकी आली आणि खालची कोरडी पडली. पंधरा वर्षं तिच्यावर धान्याच्या कोठ्या होत्या.

शुभम, माझा नवरा, प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये मेन्टेनन्सला आहे. सहा वर्षांपूर्वी एका नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी त्याला तीन महिने उत्तर इटलीला पाठवलं. तिथल्या घरमालकाच्या घराखाली तळघर होतं आणि त्यात वाईनच्या चारशे बाटल्या. जाताना कधी बिअरलाही हात न लावणारा माणूस येताना दोन बाटल्या आणि एक वेड घेऊन आला. पिण्याचं वेड नव्हे. पिणं रविवारी अर्धा ग्लास, तेही तासभर. वेड साठवण्याचं. नाशिकहून, गोव्याहून, ओळखीच्यांच्या सामानातून एकेक बाटली येत गेली आणि या मे महिन्यात एकसष्ट झाल्या होत्या.

वाईन बाटलीत गेली म्हणून थांबत नाही, तिच्यात बदल होत राहतात. तिला तेरा अंशांच्या आसपास तापमान लागतं, अंधार लागतो, आणि बुचाचं लाकूड ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवावी लागते. भिलाईच्या उन्हाळ्यात कपाटातली वाईन महिनाभरात शिजते. शुभमच्या पहिल्या दहा बाटल्या अशाच गेल्या. मग त्याला टाकी आठवली. बाहेर पंचेचाळीस अंश असताना खाली सव्वीस होते, मीच मोजले. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आकड्यांत मला रस असतो. भिंतींना थर्माकोल, एक छोटा एसी, लाकडी मांडण्या, गारवा निसटू नये म्हणून झाकणाला चहूबाजूंनी रबराची पट्टी. रोजचं तापमान मी वहीत लिहायचे. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मामाजींना मात्र एकच प्रश्न पडायचा. "बाटल्या आडव्या कावून ठेवल्या बे? पिनारा आडवा होते, आपल्या घरी बाटलीच आडवी?"

भीती मला पहिल्या दिवसापासून होती. झाकणाचं भोक मला आवडत नाही. आणि ती भीती शुभमनंच शिकवलेली. प्लांटमध्ये खड्ड्यात, टाकीत उतरायचे नियम असतात. एक माणूस बाहेर थांबतो. त्यानं आतल्याशी बोलत राहायचं. आतला पडला तर ओरडायचं, पण उतरायचं नाही. कारण पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि वर फक्त चपला राहतात.

"तू बाहेरचा माणूस," त्यानं मला सांगितलं होतं.

"आणि तुम्ही पडलात तर?"

"तर चिल्लाव. लोकं बोलाव. पन उतरायचं नाही. कसम खा."

मी शपथ घेतली. त्यानं खिशाला लावायचा गॅस मॉनिटरही आणला, साबणाच्या वडीएवढा. प्लांटमध्ये भट्टीच्या वायूला सगळे भितात. त्याला वास नसतो आणि तो माणसाला गुपचूप नेतो. मॉनिटरवर शून्य असेल तर उतरायचं, आकडा चढला की बाहेर. शुभम मॉनिटरशिवाय टाकीत कधी उतरला नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यानं आरगॉन आणला. बाटली उघडली की हवेतल्या ऑक्सिजननं वाईन दोन दिवसांत बिघडते. उरलेल्या वाईनवर आरगॉनचा थर सोडला तर महिनाभर टिकते. आरगॉन हवेपेक्षा जड, कशाशी संयोग न पावणारा, रंग-वास नसलेला वायू. त्याचा निळा सिलिंडर, वेल्डिंगवाले वापरतात तो, मागच्या भिंतीला साखळीनं बांधला. त्याची रबरी नळी जुन्या पाण्याच्या पाइपच्या भोकातून टाकीत सोडली आणि तिच्या टोकाला बारीक तोटी लावली.

"नळी गळली तर?" मी विचारलं होतं.

"मॉनिटर हाय ना."

माझं समाधान झालं. ज्या बाईनं वीस वर्षं मुलांना वायूंचे गुणधर्म शिकवले, तिचं एवढ्यावर समाधान झालं.

*

मे महिन्यातल्या त्या बुधवारी सकाळी नऊला ट्रान्सफॉर्मर गेला आणि गल्लीतली लाईट गेली. टाकीतल्या थर्मामीटरची तार मी वर आणलेली आहे, झाकण न उघडता आकडा दिसतो. बाराला सतरा. एकला अठरा. मी शुभमला फोन केला.

"वीसच्या वर गेलं तर वरच्या बाटल्या फरशीवर घ्याव्या लागतीन. फरशी थंडी राहते," तो म्हणाला. "तू उतरू नको. मी येऊन राहिलो."

पहिल्या पाळीवरून तो पावणेतीनला घरी आला. जेवला नाही. कपाळाला टॉर्चचा पट्टा बांधला, छातीच्या खिशाला मॉनिटर लावला, बटन दाबून पडदा मला दाखवला. शून्य.

झाकण उघडलं तेव्हा गार हवेचा हबका नेहमीसारखा तोंडावर आला. वास कसलाही नव्हता. मी पुढे झुकून मुद्दाम श्वास घेतला.

तेवढ्यात मामाजी जुना कंदील घेऊन आले. रॉकेल मिळत नाही म्हणून काचेच्या आत त्यांनी मेणबत्ती बसवलेली होती. दांड्याला कपडे वाळत घालायची दोरी.

"थांब. पयले दिवा सोड."

"बाबा, ये कुआँ थोडी ना है," शुभम म्हणाला.

"भोक तं हाय ना? दिस भर बंद होतं. बिना दिव्याचं आमी कोन्त्याच विहिरीत उतरलो नाही."

"मेणबत्तीनं माहा माल गरम होईन."

"एका मेणबत्तीनं? मंग तुही दारू लय नाजूक हाय बे. नवरीवानी."

"मशीन हाय माझ्यापाशी, बाबा. जमाना बदलला. उन्नती, तूच सांग यायले."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मामाजींच्या हातात कंदील होता आणि शुभमच्या खिशात मॉनिटर.

"मामाजी, मॉनिटर आहे," मी म्हणाले.

शुभम हसून शिडी उतरला. मामाजी तोंडाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि पुटपुटत सादळलेल्या काड्या एकेक करून ओढू लागले. "तुमी बोला आपलं. मी आपला दिवा सोडतो. मले कोन इचारते."

सगळ्यात वरच्या मांडणीवर समोरच त्याची इटलीची बाटली होती. घरमालकानं दिलेली, गडद हिरवी, खांद्यावर उंचवट्याची अक्षरं. ती आणखी सहा वर्षांनी उघडायची होती. ती शुभमनं आधी माझ्या हातात दिली.

"दोन मिनिट ओल्या टॉवेलात धर हिले. खालचा एक कोपरा रिकामा करतो, मंग दे."

मी ती पोटाशी धरली. तो काम करू लागला. वरची बाटली काढायची, खाली बसून फरशीवर आडवी ठेवायची, उठायचं. नियमाप्रमाणे मी बोलत राहिले आणि तो मोजत राहिला.

"एक."

"जेवण झाकून ठेवलंय."

"काय बनवलं? दोन."

"चनोळी भाजी."

"परत? तीन. या घरात चना सोडून काही पिकत नाही का? चार."

कपाळावरचा उजेड खाली जायचा, वर यायचा. पाचव्या बाटलीला त्याला दम लागलाय असं मला वाटलं. मी विचारलं. तो म्हणाला, गरमी. पण टाकीत वीस अंश होते.

"सहा. सात." मग थोडा वेळ काही नाही. "सात."

"आठ," मी म्हणाले.

"हो, तेच. सात." आणि तो हसला. खालून, फरशीजवळून. "उन्नती, बाटल्या मस्त दिसून राहिल्या बे."

तो मला कधी 'बे' म्हणत नाही.

तेव्हा मामाजींची दोरी हलली. कंदील माझ्या डोळ्यांसमोरून खाली गेला. एक फूट, दोन फूट. ज्योत सरळ होती. तीन फुटांवर ती आखडली. चार फुटांच्या आसपास वातीपासून सुटली आणि नाहीशी झाली. वाऱ्यानं विझते तशी फडफडली नाही. मामाजींनी कंदील वर ओढला, मेणबत्ती पेटवली, परत सोडला. त्याच जागी ती परत गेली.

"उन्नती," ते हळू म्हणाले, "खालती हवा नाही."

मला त्या क्षणी सगळं कळलं. मॉनिटर खोटं बोलत नव्हता. तो एकच वायू ओळखतो, भट्टीचा, कार्बन मोनॉक्साइड. तो इथं नव्हताच. इथं चार फूट उंचीपर्यंत आरगॉन भरला होता, पाण्यासारखा, न दिसणारा. उभ्या माणसाचं डोकं त्याच्या वर राहतं, बसलेल्याचं आत जातं. शुभम उठबस करत होता म्हणून आतापर्यंत टिकला होता. आणि आता त्याचा उजेड खालीच थांबला होता.

"अहो, वर या."

"आलो."

उजेड हलला नाही.

"उभे राहा आधी. उभे राहा!"

"दोनच राहिल्या," तो लाडात आल्यासारखा म्हणाला. "इथं बरं वाटून राहिलं."

हे मी वर्गात शिकवलेलं आहे. श्वास कोंडल्याची जाणीव ऑक्सिजन कमी झाल्यानं होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यानं होते. शुभम आरगॉन आत घेत होता, कार्बन डायऑक्साइड व्यवस्थित बाहेर टाकत होता, आणि त्याच्या शरीराला काही चुकल्याचं कळत नव्हतं. तो घाबरणार नव्हता. तो असाच हसत आडवा होणार होता.

मामाजींनी एक पाय शिडीवर टाकला. मी बाटली काखेत दाबून त्यांचा सदरा धरला.

"मामाजी, नाही."

"सोड. पोरगा हाय माहा."

"दुसरा उतरत नाही. तुम्ही गेलात तर दोघं जाल."

चौऱ्याहत्तर वर्षांचे असले तरी आयुष्यभर विटा उचललेले हात आहेत ते. मला ढकलून ते जाऊ शकले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय वर घेतला. मग फरशीवर पालथे पडले आणि दोन्ही हात भोकात सोडून ओरडू लागले, "शुभ्या! उठ बे! उठ!"

खालून आवाज आला नाही. उजेड भिंतीवर तिरका झाला.

मी टॉवेल फेकला. बाटली मानेला धरून भोकाच्या मधोमध धरली.

"शुभम, वर बघ. तुझी बाटली."

मामाजींसमोर मी त्याला नावानं हाक मारत नाही. उजेड वळला आणि माझ्या डोळ्यांत आला.

"मी ही सोडते आहे."

"मजाक... मत कर," तो म्हणाला. शब्द ओले, जड होते.

एक-दोन-तीन म्हणायला वेळ नव्हता. मी बोटं उघडली.

तो उठला. बाकी त्याला काही समजत नव्हतं, पण बाटली पडते आहे एवढं समजलं. दोन्ही हात वर करून तो उभा झाला. बाटली त्याच्या मनगटावर आपटली, निसटली आणि फरशीवर फुटली. पण हात वर होते. मामाजींनी एक मनगट पकडलं, मी दुसरं.

"उभा राय! उभा राय बे! बसला तं मारीन!"

त्याचे गुडघे दोनदा वाकले. दोन्ही वेळा त्याचं वजन माझ्या खांद्यांत आलं आणि मला वाटलं, आता मीच आत जाणार. मी त्याचे श्वास मोजले. अकराव्या श्वासाला त्यानं स्वतःच्या पायांवर भार घेतला. मग आम्ही त्याचा पाय शिडीवर ठेवायला सांगत राहिलो, एकेक पायरी, लहान मुलाला सांगावं तसं.

वर आल्यावर तो फरशीवर उताणा पडला. ओठ ओल्या सिमेंटच्या रंगाचे होते. हळूहळू त्यांत रंग आला. त्यानं डोळे उघडून मला विचारलं, "फोडली तू?"

मामाजींनी त्याच्या थोबाडीत मारली. मग त्याच्या उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले.

*

रिक्षानं दवाखान्यात नेलं. दोन तास ऑक्सिजन लावला, तपासण्या केल्या, सोडून दिलं. परत आल्यावर मी मागच्या भिंतीशी गेले. सिलिंडरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा शून्यावर होता. रविवारी अर्धा ग्लास घेतल्यावर नळीची तोटी पुरती आवळली गेली नव्हती. सात घनमीटर वायू, पाच चौरस मीटर फरशी. भागाकार तोंडी होतो, चार फुटांहून जास्त उंचीचा थर. मी तो रविवारी करू शकले असते. सहा महिन्यांपूर्वी करू शकले असते.

"पन मले तं काहीच वाटलं नाही," शुभम त्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा म्हणत होता. "डोकं बी नाही दुखलं. मॉनिटर झीरो होता." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्याला काही वाटलं असतं तर मला कमी भीती वाटली असती.

झाकण आम्ही उघडंच ठेवलं आणि भोकावर खाट आडवी टाकली, कोणाचा पाय जाऊ नये म्हणून. लाईट आली तरी एसी लावला नाही. रोज सकाळी मामाजी कंदील सोडायचे आणि मी दोरीवर खूण करून मोजायचे. तापमानाच्या वहीत आता ज्योत कुठं विझली ते लिहू लागले. गुरुवारी पाच फूट. शुक्रवारी साडेसहा. बरोबरीनं तापमान चढत होतं, अठ्ठावीस, एकतीस. फुटलेल्या वाईनचा आंबूस वास घरभर पसरला. शेजारच्या मैनाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "का बहिनी, अथान खराब होगे का?" मी म्हणाले, हो, लोणचं बिघडलं.

शनिवारी कंदील फरशीला टेकला आणि ज्योत दहा मिनिटं तशीच राहिली. शुभम चप्पल काढू लागला.

"तुम्ही नाही," मी म्हणाले. "मी उतरते."

"तू कायले? बाटल्या माह्या हायेत."

"म्हणूनच."

खाली त्याचं लक्ष बाटल्यांवर राहिलं असतं, ज्योतीवर नाही; त्याला ते कळलं असावं, त्यानं चप्पल परत पायात घातली. मामाजींनी माझ्या कमरेला दोर बांधला, विहिरीवर बांधायचे तशी गाठ मारून, आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळून खिडकीच्या गजाला टेकून बसले. शुभम तोंडाशी बसला. मी त्याच्याकडून शपथ घेतली. काहीही झालं तरी उतरायचं नाही. त्यानं मान हलवली. मी म्हणाले, तोंडानं म्हणा. त्यानं म्हटलं.

नऊ पायऱ्या. खाली काचा आणि वाळलेला काळपट डाग होता. काही बाटल्यांची बुचं उष्णतेनं वर सरकली होती, कागदी चिठ्ठ्यांवर ओघळ आले होते. काचांमध्ये मॉनिटर पडला होता. शुभमला ओढताना खिशातून निसटलेला. त्याचा हिरवा दिवा अजून लुकलुकत होता आणि पडद्यावर शून्य होतं. तीन दिवस, रात्रंदिवस, तो अंधारात शून्य दाखवत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. कंदील माझ्या पायाशी होता. ज्योत सरळ होती. मी श्वास घेतला आणि तो पुरेसा आहे की नाही ते मला कळेना. हे आतून कळत नाही, हे मला आता माहीत होतं.

"उन्नती?" वरून शुभमचा आवाज आला. बुचांबद्दल विचारेल असं मला वाटलं. "उन्नती, बोल ना. काऊन गप्प हायेस? बाबा, दोर ओढा. ओढा न, ते बोलून नाही राहिली!"

त्याचा आवाज फाटला होता. भोकाच्या चौकोनात त्याचा चेहरा दिसत होता, दोन्ही हात खाली सोडलेले, जेवढे पोचतील तेवढे. कमरेचा दोर ताणला गेला.

मी जवळची बाटली उचलली, डोळे ज्योतीवर ठेवून, न वाकता, हातानं चाचपडत. ती त्याच्या हातांपर्यंत वर धरली.

"एक," मी म्हणाले.